करंड्याच्या तळाशी

धंद्याला तोंड लागतं म्हणतात. आमच्या घरात तोंडं भरपूर होती, पण ती पाहुण्यांची विचारपूस करायला आणि सरकारला नावं ठेवायला. स्वतःबद्दल दोन चांगले शब्द बोलायला ती कधी उघडली नव्हती. सासऱ्यांचे वडील संस्थानात कारकून होते आणि त्या एका कारकुनीच्या जोरावर पुढच्या पिढ्या मान ताठ ठेवून चालल्या. अशा घरातल्या माणसाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, पन्नाशी जवळ आल्यावर कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि संगणकाच्या क्लासची फ्रँचायझी घेतली.

तेव्हा बडोद्यात ज्याला त्याला फ्रँचायझीचं खूळ लागलं होतं. कुणी आइस्क्रीमची घेतली, कुणी कुरियरची, कुणी चष्म्यांची. नाव मोठ्या कंपनीचं, दुकान आपलं. ह्यांना ते फार पटलं, कारण नाव दुसऱ्याचं असलं म्हणजे स्वतःची टिमकी वाजवावी लागत नाही. आम्ही राहतो त्या अकोटा भागातच एका शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर जागा घेतली, कंपनीचा निळा बोर्ड लागला, आणि त्या दिवशी हे रस्त्याच्या पलीकडे जाऊन कितीतरी वेळ तो बोर्ड बघत उभे राहिले. मीही बघितला. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू.

करारात काय काय होतं ते हळूहळू कळत गेलं. नाव, बोर्ड आणि अभ्यासक्रम कंपनीचा. जागा, यंत्रं, वीज आणि काळजी आमची. विद्यार्थी आणायचे तेही आम्हीच, आणि त्याला कंपनीच्या भाषेत लोकल मार्केटिंग म्हणायचे. कंपनीचा एरिया मॅनेजर होता, अहमदाबादचा, गोड बोलणारा, उंटावरचा शहाणा. त्याने पहिल्याच वर्षाअखेर समोर बसवून सांगितलं की येत्या जूनच्या बॅचेस भरल्या नाहीत तर कंपनी बोर्ड काढून घेईल आणि अकोटा दुसऱ्या कुणाला देईल. चहा पीत पीत सांगितलं. ह्यांनी मान हलवली आणि त्याला आणखी एक बिस्कीट दिलं.

बोर्ड जाणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कळणं शक्य नव्हतं. ह्यांना नोकरीत परत कुणी घेणार नव्हतं. गल्लीत, नात्यात, मंडळात सगळ्यांना सांगून झालं होतं की आपला क्लास आहे. तो बोर्ड गेला की हे नुसते घरी बसलेले गृहस्थ, एवढीच ओळख उरणार होती. मला क्लासपेक्षा त्याचीच भीती वाटायची.

प्रयत्न त्यांनी केले नाहीत असं नाही. कंपनीकडून पोस्टरं यायची, इंग्रजीत, गोऱ्या मुलीचा फोटो आणि खाली पत्त्यासाठी कोरी पट्टी. हे जमिनीवर बसून फूटपट्टी लावून त्या पट्टीवर क्लासचा शिक्का मारायचे. एक शिक्का तिरका पडला तर ते पोस्टर बाजूला. कारखान्यात मीटर तपासण्यात जन्म गेला होता, हात तसाच चालायचा. मी म्हणायची, अहो, खांबावर चिकटवणार ना, कोण बघतंय शिक्का सरळ आहे का? ते म्हणायचे, "आपण बघतोय ना."

मग त्यांनी स्वतः गुजरातीत एक साधं पत्रक लिहिलं. छान लिहिलं होतं, आईबापांना कळेल असं, कोर्स काय, किती महिन्यांचा, पुढे काय होतं. कंपनीने ते नामंजूर केलं. कारण त्यातला निळा रंग कंपनीचा निळा नव्हता. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी आपटली, पण भांडी आपटून कुठे रंग बदलतो.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आधी मॅनेजर म्हणाला, पतंगांवर नाव छापा. बडोद्यात त्या दिवसांत घरात कुणी नसतं, सगळं गाव गच्चीवर. कल्पना चांगलीच होती. पण हे म्हणाले, पतंग कापला की गटारात पडतो, आपलं नाव गटारात पडायला नको. शेजारच्या वासणा भागात ज्यांनी नवीन क्लास उघडला होता त्या भाईंना असली काही अडचण नव्हती. त्यांनी पोती भरून पतंग वाटले. उत्तरायणाच्या दिवशी मी गच्चीवर गेले तर जिकडे बघावं तिकडे त्यांचं नाव, वर आभाळात, तारांवर, आंब्याच्या झाडात. गटारातही होतं. आणि गटारातलंसुद्धा लोक वाचत होते.

त्याच संध्याकाळी मॅनेजर घरी तिळगूळ खायला आला. मी हळदीकुंकवाची तयारी करत होते. आमच्या घरचं हळदीकुंकू अकोट्यात माहितीचं होतं. नदीपलीकडून, जुन्या गावातून बायका रिक्षा करून यायच्या. सासूबाईंच्या वेळेपासून ते तसंच चालत आलं होतं, आणि माझ्या ताब्यात आल्यावर मी ते कमी होऊ दिलं नव्हतं. माझ्या हातात स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. मॅनेजरने विचारलं, किती बायका येतात? मी अभिमानाने सांगितलं. त्याचे डोळे चमकले.

"भाभी, आ तो रेडीमेड पब्लिक छे!" तो म्हणाला. "हर एक के घर में बच्चा है. इससे अच्छा इवेंट कहाँ मिलेगा?"

वाण कंपनी देईल, त्यावर नाव छापू, असं त्याने जागच्या जागी ठरवून टाकलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, संक्रांतीला सवाष्णींना जी वस्तू देतात ती वाण. वाटी, चाळणी, कंगवा, काहीही. आपण वाण देतो म्हणत नाही, लुटतो म्हणतो. लुटायचं म्हणजे मागे वळून बघायचं नाही. तो गेल्यावर मी ह्यांना सांगितलं की हे होणार नाही. देवाधर्माच्या गोष्टीत मी जाहिरात घालणार नाही.

हे वाद घालत नसत. त्यांनी तिळगुळाची ताटली झाकून ठेवली. मग म्हणाले, "मी कुणाकडे गेलो नाही गं. पतंगाला नाही म्हटलं, नवरात्रात मंडपावर नाव लावायला नाही म्हटलं. आता कशाला तरी हो म्हणायला हवं."

 मी हो म्हटलं, आणि आजही मला वाटतं की त्यांच्या त्या चेहऱ्यासमोर कुणीही हो म्हटलं असतं. फक्त एक अट घातली. झाकणावर नाव नको. ह्यांना ती अट एकदम पटली. त्यांना तर हायसंच वाटलं. आपल्यासारख्या माणसांना सगळं चालतं, फक्त ते समोर दिसता कामा नये. त्यांनी मॅनेजरशी बोलून मधला मार्ग काढला. कुंकवाचे प्लास्टिकचे करंडे आले, लालचुटुक, दिसायला गोड. नाव तळाशी, उलटं केल्याशिवाय दिसणार नाही असं. आणि आत घडी घालून एक चिठ्ठी, हा करंडा क्लासमध्ये दाखवा आणि प्रवेशात सवलत मिळवा. कंपनीच्या निळ्या रंगात.

हळदीकुंकू झोकात झालं. अंगण बायकांनी भरून गेलं. अत्तर, गुलाबपाणी, ओटीत हरभरे आणि बोरं, सगळं रीतसर. करंडे हातोहात गेले. "काय सुरेख आणलंस गं, कुठून?" असं विचारत गेल्या. शेजारच्या मोठ्या काकू, ज्यांनी मला ह्या घरात सून म्हणून आल्यापासून सांभाळलं होतं, त्यांनी तर सुनेसाठी एक मागून घेतला. मी दिला. हे त्या वेळी क्लासमध्ये होते. उद्यापासून बायका मुलांना घेऊन येतील म्हणून त्यांनी काचा पुसून घेतल्या होत्या आणि पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या वाढवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रथसप्तमी आली आणि गेली. हे सकाळी वेळेवर जायचे आणि रात्री जेवायला यायचे. मी विचारायची नाही आणि ते सांगायचे नाहीत. आमटीला मीठ बरोबर आहे का एवढंच बोलणं.

मग बायका रस्त्यात भेटू लागल्या आणि त्यांच्या बोलण्यात काहीतरी बदललेलं जाणवू लागलं. भांडण नाही, टोमणा नाही. सगळ्या आणखी अदबीने बोलायच्या, जसं आपण विमा विकणाऱ्याशी बोलतो तसं. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई मला बघून घाईत निघून जायची. एक दिवस मी न राहवून काकूंकडे गेले आणि विचारलं की माझं काय चुकलं ते तरी सांगा.

काकू मेथी निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी बाजूला ठेवली.

"अगं, क्लासचं नाव घालायचं होतं तर वर घालायचंस," त्या म्हणाल्या. "आम्ही हसलो असतो. म्हटलं असतं, धंदा आहे बाई, करावं लागतं. ए तो चाले. पण खाली कशाला? कुंकू भरायला करंडा उघडला तर आतून चिठ्ठी. सुनेनं उलटा केला तर खाली शिक्का. म्हणजे तू हळदीकुंकवाला बोलावलं होतंस की गिऱ्हाईक म्हणून, ते आम्ही घरी जाऊन ओळखायचं?"

मी म्हटलं, "काकू, लाज वाटत होती म्हणून खाली घातलं."

"तेच तर," काकू म्हणाल्या. "लाज वाटत होती तर तुम्हाला कळत होतं."

मला राग आला. काकूंचा, त्या सगळ्या बायकांचा. त्यांच्या मुलांनी वासण्याच्या क्लासमध्ये नावं घातली होती, हेही मला कळलं होतं. त्या भाईंनी त्या बायकांपैकी कुणाला कधी तिळगुळाचा दाणा दिला नव्हता, नुसता पतंग दिला होता. त्यांनी उघडपणे विकलं आणि त्यांचं विकलं गेलं. आम्ही मान राखून विकायला गेलो, तर मानही गेला. तेलही गेलं, तूपही गेलं. काकूंचं बोलणं ह्यांना मी कधी सांगितलं नाही. पण अकोटा काही फार मोठं नव्हतं, आणि ह्यांना कान होते.

मार्चमध्ये कंपनीचं एक परिपत्रक आलं. त्यात बडोद्याच्या केंद्राचं कौतुक होतं. सणासुदीला महिलांमध्ये प्रचार करण्याची ही कल्पना सर्व केंद्रांनी राबवावी असं लिहिलं होतं, आणि सोबत करंड्याचा रंगीत फोटो होता. ह्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला दाखवला. मला वाटलं आता तरी हे चिडतील. ते म्हणाले, "फोटो चांगला आलाय." मला त्या वेळी ह्यांचाच इतका संताप आला की मी उठून गच्चीवर गेले. आंब्याच्या झाडात अजून एक फाटका पतंग अडकलेला होता, नाव वाचता येत होतं.

जून आला. बॅचेस भरल्या नाहीत. कंपनीने माणसं पाठवली, शिडी आणि पाने-पक्कड घेऊन. मी म्हटलं तुम्ही जाऊ नका, त्यांचं ते काढून नेतील. पण हे गेले. मागाहून मी गेले तेव्हा हे शिडी धरून उभे होते. वरचा माणूस घाई करत होता आणि हे त्याला खालून सांगत होते की अरे, आधी डावीकडचा स्क्रू काढ, नाहीतर बोर्ड वाकेल. बोर्ड वाकला नाही. टेम्पोत घालून तो गेला. दिवाळीच्या सुमारास तिथे कापडाचं दुकान आलं. हे सकाळी वेळेवर उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि ओट्यावर बसायचे.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू करायचं नाही असं मी ठरवलं होतं. हेच म्हणाले, "कर. बंद केलंस तर लोक म्हणतील, जाहिरातीपुरतंच होतं." ते स्वतः मंगळबाजारात गेले आणि स्टीलच्या वाट्या घेऊन आले. चांगल्या होत्या, जड. दुपारभर ते ओट्यावर त्या वाट्या घेऊन बसले. प्रत्येक वाटीच्या तळाला वाट्या बनवणाऱ्याचं चिकटवलेलं लेबल होतं, ते नखाने खरवडून काढत होते. उरलेला डिंक खोबरेल तेलाच्या बोळ्याने घासून पुसत होते. मी म्हटलं, अहो, भांड्यावर लेबल असतंच, बायका घरी गेल्यावर काढतात. त्यांनी पुढची वाटी उचलली. मला वाटलं, शिक्का सरळ मारणारा माणूस, आता हे एक नवीन.

बायका आल्या, पण थोड्या. जुन्या गावातल्या कुणी आल्या नाहीत. काकू आल्या, त्यांच्याविना माझं हळदीकुंकू कधी झालं नव्हतं. मी त्यांना हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, हातात वाटी दिली. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. सून कशी आहे, नातू चालायला लागला का, असं आम्ही बोलत होतो. बोलता बोलता काकूंनी वाटी उलटी केली, तळ बघितला, आणि मग ती पिशवीत ठेवली.

मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते कळलं नाही. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या दोघींनीही तसंच केलं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. हे तिथे तिळगुळाची ताटली घेऊन उभे होते, आणि त्यांच्या अंगठ्याचं नख डिंकाने अजून काळं होतं.