जिन्यावरचे पाय

माझ्या सासऱ्यांवर मी पाळत ठेवली होती, हे मी सरळ सांगते. कारणच तसं होतं. जन्मभर सुतारकाम केलेला, भुशाने माखलेल्या चपलांवर फिरलेला माणूस एकाएकी काळे बूट पॉलिश करायला लागला, तर सुनेने काय समजायचं?

बरं, बूट घालून जायचं कुठे? कुठेच नाही. दुपारची जेवणं झाली की बाबा खोलीचं दार लावून घ्यायचे आणि आतून आवाज यायचा. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. मग काहीतरी फरफटल्यासारखं, आणि दबक्या आवाजात स्वतःलाच एक शिवी. मी दारावर थाप मारली की सगळं चिडीचूप.

"काय चाललंय बाबा?"

"काही नाही, पडलोय जरा."

बूट घालून कोणी पडतं होय?

त्यात ते फोन. मी उचलला की पलीकडची बाई सॉरी म्हणून ठेवून देणार. यांनी उचलला की भिंतीकडे तोंड करून "हो, येतो, येतो" आणि मला वर सांगणार, राँग नंबर! नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं." दिसतंच. घरात निदान एकाला तरी दिसायला हवं. मागच्या वर्षीच्या झटक्यापासून बाबांचा डावा पाय ओढला जातो. अशा म्हाताऱ्या माणसाला गोड बोलून सह्या घेणारे काय कमी आहेत?

सासूबाई मात्र ढिम्म. वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या, "असेल काहीतरी त्यांचं. तू कशाला जीव खातेस?" नवरा चोरून बूट चमकवतोय आणि बायको निवांत वाटाणे सोलतेय! मला तर आता त्यांचाही संशय यायला लागला.

एका सकाळी बाबा बूट पिशवीत घालून बाहेर पडले. मी मागोमाग. छत्रीआड तोंड लपवून, औषधाच्या दुकानाशी घुटमळून, शाळेच्या भिंतीला चिकटून गेले. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, आज सापडले. शेवटी एका उंच पत्र्याच्या शेडपाशी ते थांबले आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलले, "ये आता पुढे. उजवी टाच घासत चालतेस तू. औषधाच्या दुकानापासून ऐकतोय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी कसली हटतेय! "आत कोण आहे?" मी विचारलं.

"चल, बघ. पण घरी एक अक्षर काढायचं नाही. सासूपुढे तर मुळीच नाही."

आत सिनेमाचा सेट होता. मधोमध नवाकोरा लाकडी जिना, वर दिवे. फोनवरची बाई निघाली दिग्दर्शिका. बाबांच्या तरुणपणी गाजलेला एक रहस्यपट ती आजच्या प्रेक्षकांसाठी पुन्हा काढत होती. त्यात एक प्रसंग होता, खुन्याचे नुसते पाय जिना उतरतात. नट इतका नावाजलेला की लोकांनी चालीवरूनच ओळखला असता. म्हणून जुन्या दिग्दर्शकाने बूट चढवले ते जिना बांधणाऱ्या सुताराला, माझ्या सासऱ्यांना! आणि वचन घेतलं, कुणाला सांगायचं नाही. पाय कुणाचे ते कळलं की भीती संपली. दिग्दर्शक कधीच गेला, पण बाबांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता जुन्या दिग्दर्शकाच्या वहीत या बाईला त्यांचं नाव सापडलं होतं, आणि तिला तेच पाय हवे होते.

"तेव्हा तुझ्या सासूला घेऊन गेलो होतो सिनेमाला," बूट चढवताना बाबा हळूच म्हणाले. "पाय दिसले आणि सगळं थिएटर किंचाळलं. ही एकटी खुदकन हसली! कुठे चुकलो ते मला अजून कळलेलं नाही. यावेळी तिला घाबरवायचंच."

म्हणजे खोलीत त्याची तालीम चालली होती. अरे देवा, आणि मी काय काय समजत होते!

बाबा जिना उतरू लागले. वरच्या दोन पायऱ्यांना माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. मग डावा पाय घसटला. पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी कठडा धरला, आणि खुनी काही कठडा धरून येत नाही. "छान झालं हं काका, कळवते," बाई फारच गोड बोलली. तेव्हाच मी ओळखलं. त्यांनीही ओळखलं. बूट पुसून त्यांनी पिशवीत ठेवले.

"लंगडा खुनी काय वाईट होता?" रस्त्यात मी फणकाऱ्याने म्हणाले.

"अगं, मी खाली पोचेपर्यंत हिरॉइन गाव सोडून जाईल." ते हसले, पण बुटांची पिशवी काखेत घट्ट धरून चालत राहिले. मला फार वाईट वाटलं.

फोन आला नाही. सिनेमा लागला तेव्हा तिकिटं तेवढी आली. बाबा नको म्हणत होते, सासूबाईंनीच ओढून नेलं. त्या आमच्या मधे बसल्या होत्या. जिन्याचा प्रसंग आला. तरणे, सरळ, ठाम पाय एकेक पायरी उतरू लागले, आणि सासूबाईंनी गपकन बाबांचा हात धरला.

"अहो, मला भीती वाटतेय."

"आता?" बाबा कुजबुजले. "मागच्या वेळी तर हसलीस!"

"मागच्या वेळी तुमचे पाय होते," त्या म्हणाल्या. "त्यांना काय घाबरायचं?"

बाबांनी त्यानंतर पडद्याकडे पाहिलंच नाही. मी शेवटपर्यंत पडद्याला डोळे लावून बसले होते, पण खुनी कोण निघाला ते मला आजही सांगता येणार नाही.