जरा बघून या

लोणावळ्यातल्या शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आणि मला मावळातल्या गावांविषयी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायचा नाद लागला. हा ज्ञानकोश कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं खोडू शकतं. मला लिहिण्यापेक्षा खोडण्यातच जास्त गोडी होती, हे कबूल करते. भुशीच्या लेखात दर पावसाळ्यात कुणीतरी आपल्या बंगल्याची जाहिरात चिकटवून जायचं, ती मी सकाळच्या चहाबरोबर पुसायची.

आबांची ओळख अशा खोडाखोडीतूनच झाली. वराळ्याच्या लेखात त्यांनी लिहिलं होतं, की इथल्या आंबेमोहराचा भात शिजायला लागला की वास तळेगाव स्टेशनापर्यंत जातो. मी वाक्य काढलं आणि कारण दिलं : संदर्भ नाही. प्रत्येक लेखामागे चर्चेचं एक पान असतं, सगळ्यांना उघड दिसणारं. तिथे दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "ताई, वास म्या माझ्या नाकानं घेतलाय. त्याचा कागूद कुटनं आनू?" मी घरात एकटीच हसत बसले.

आबा मूळचे वराळ्याचे. रेल्वेतून निवृत्त होऊन आता हैदराबादला लेकीकडे राहतात, गुडघ्यांमुळे प्रवास बंद. लेखात ते नेटकं पुस्तकी मराठी लिहीत, चर्चेच्या पानावर मात्र पारावर बसल्यासारखे बोलत. दोन-तीन वर्षांत आम्ही मिळून मावळातल्या बऱ्याच गावांचे लेख उभे केले. आठवायचं त्यांनी, पुरावा शोधायचा मी. पुस्तकात काही सापडलं नाही की ते लिहीत, "ताई, जरा बघून या." मग मी स्कूटर काढायची. ओढ्यावरचा साकव अजून आहे का, देवळामागची विहीर बुजवली का, असले प्रश्न असत. आल्यावर मी सविस्तर लिहायची आणि ते पुन्हा पुन्हा विचारायचे. लोणावळ्याला अख्खी दुनिया काही ना काही बघायला येते. मला मात्र तोवर कुणी कुठे बघायला पाठवलं नव्हतं. त्या तीन शब्दांची मला चटकच लागली होती.

एका दिवाळीच्या सुमारास त्यांनी स्वतःच्या शेताबद्दल विचारलं. भावकीनं ते विकलंय हे त्यांना ठाऊक होतं, पण पुढे त्याचं काय झालं हे कुणाला विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता. खुणा मात्र पक्क्या सांगितल्या : नदीकडे जाणारी वाट, डाव्या हाताला बांध, बांधावर आंबा. "तुमीच बघून या, ताई. दुसऱ्या कुनाला न्हाई सांगवत."

मी गेले. नदीकडे जाणाऱ्या वाटेला डाव्या हाताला सात मजली इमारत होती, पुढे पत्रे ठोकलेलं दुसरं बांधकाम. आंबा नव्हता, बांधही नव्हता. वॉचमनने विचारलं, "मॅडम, फ्लॅट बघायला आलात का?" मी एक फोटो काढला आणि माघारी फिरले.

येताना कार्ल्याजवळ चहाला थांबले. टपरीमागे पिकलेला भात उभा होता, सोनेरी, आणि त्याच्या कडेला आंब्याचं एक झाड. तेव्हा माझी बुद्धी कुठे चरायला गेली होती कोण जाणे. मी त्या शेताचा फोटो काढला आणि घरी येऊन 'वराळे येथील भातशेती' म्हणून लेखात लावला. आयुष्यभर दुसऱ्यांकडे पुरावे मागणारी मी, आबांना फक्त लिहिलं, "बघून आले."

त्यांचं उत्तर तासाभरात आलं. "व्हय, ह्योच आंबा. लय बरं वाटलं." लेकीने त्या फोटोची मोठी प्रत काढून भिंतीवर लावल्याचंही नंतर कळवलं. मला आनंद झाला, आणि अन्न गोड लागेना.

दोन महिन्यांनी वराळ्यात नव्याने राहायला आलेल्या एका इंजिनियरने चर्चेच्या पानावर नम्रपणे लिहिलं. फोन फोटोबरोबर जागेचीही नोंद करून ठेवतो, आणि या फोटोखाली कार्ल्याची नोंद आहे. काही चूक झाली असेल का? त्याचं बरोबर होतं. मी किती जणांना असंच पकडलं होतं, आणि स्वतःचा फोटो चढवताना मात्र तिकडे पाहिलंही नाही. चूक म्हणून सहज निभावलं असतं. पण मी फोटो काढून टाकला, तिथे खराखुरा लावला आणि काय केलं ते सगळं लिहून आबांची माफी मागितली.

आठ दिवसांनी त्यांनी लिहिलं, "ताई, फोटू मागितलाच न्हवता. काय हाये त्ये बघून या म्हनलं हुतं. येवढंच."

त्यानंतर इंजिनियरने आपल्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिसणाऱ्या नदीचा फोटो लावला. आबांनी त्याला विचारलं, तुमची इमारत नदीच्या वाटेवरचीच ना? तो हो म्हणाला. तेव्हापासून त्या दोघांचं छान जमलंय. आबा त्याला एकेक जागा सांगतात, तो बघून येतो आणि जे आहे ते लिहितो. माझ्याशी ते तोडून वागले नाहीत. मी पुरावा दिला की 'आभार' लिहितात. राग असता तर भांडून मिटवला असता. मला त्यांची फार आठवण येते, आणि ते तर रोज समोरच्या पानावर असतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी इंजिनियरला विचारलं, नदीचं पाणी उतरलं का, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या का. तीन दिवस त्याचं उत्तर नव्हतं, कामात असेल. चौथ्या दिवशी मी स्कूटर काढून वराळ्याला गेले. चार पायऱ्या उघड्या होत्या, पाचवीवर पाणी हलत होतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, पुन्हा मोजल्या. घरी येऊन ते पान उघडलं, उत्तर लिहिलं, वाचलं आणि पुसून टाकलं. प्रश्न मला विचारलेला नव्हता.