धाकटीची कबर

माझा स्वभाव जळका आहे. पन्नाशीत हे कबूल करायला हरकत नाही, आता ते कळून माझं स्थळ थोडंच मोडणार आहे! परवा भाचीला घेऊन बेकरीत गेले होते. काचेमागं चकचकीत कागदातली चॉकलेटची अंडी मांडली होती आणि वर पाटी, 'ईस्टरसाठी खास, शुद्ध शाकाहारी'. भाचीनं हट्ट केला, मी एक घेऊन दिलं. तिनं तिथंच उभ्या उभ्या ते फोडलं आणि माझा जुना हेवा जागा झाला. तो हेवा अंड्याचा नव्हता.

कोल्हापुरात, शाहूपुरीत आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत होती. भिंतीच्या अलीकडं आम्ही, गुळाच्या व्यापारातले जैन. अंडं हा नुसता शब्द जेवताना निघाला तरी आई डोळे वटारायची. पलीकडं एका शाळामास्तरांचं ख्रिस्ती कुटुंब. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर, माझी जिवाची मैत्रीण. तिचं सगळंच माझ्यापेक्षा चांगलं आहे अशी माझी पक्की समजूत होती. तिचे केस लांब, तिचं अक्षर वळणदार, आणि तिचे वडील मारायचे नाहीत.

ईस्टर आला की माझ्या अंगाची आग व्हायची. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांच्या घरात सगळे दबक्या आवाजात वावरायचे आणि रविवारी उजाडताना एकदम कल्ला. "प्रभू उठला!" असं एकानं म्हणायचं, "खरोखर उठला!" असं दुसऱ्यानं. मग अंडी. तिची आई ती उकडून बीटच्या पाण्यात लाल करायची, हळदीत पिवळी करायची आणि मास्तर ती अंगणात लपवायचे. जास्वंदीच्या बुडाशी, सरपणात, सायकलच्या कॅरिअरला अडकवलेल्या पिशवीत. मी भिंतीला पोट टेकून सगळं बघायची. आम्हालाही पाडव्याला साखरेच्या गाठी मिळायच्या, नाही असं नाही. पण गाठी कुठं शोधाव्या लागतात? सरळ गळ्यात येऊन पडतात. एका वर्षी मैत्रिणीनं मला खुणेनं विचारलं, कुठं लपवलंय? मी मुद्दाम उलटीकडं बोट दाखवलं. ती बिचारी पाण्याच्या टाकीमागं शोधत बसली आणि मी खुशीत आंघोळीला गेले.

पण हा हेवा पोरकट होता. दुपारपर्यंत विरायचा. खरा हेवा मला दहाव्या वर्षी जडला.

त्या वर्षी थंडीत माझी धाकटी बहीण तापानं गेली. पाच वर्षांची होती. मला अक्का म्हणायची आणि माझी प्रत्येक वस्तू पळवायची. गेली, आणि तिसऱ्या दिवशी तिची रक्षा पंचगंगेत सोडली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "आत्मा फुडल्या जन्माला लागला. आता रडायचं न्हाय कुणी. रडून कर्म बांधून घ्यायचं व्हय?" धर्माचं म्हणून ते खरंच होतं. पंधरा दिवसांत तिचे फ्रॉक वाटून टाकले. तिचा एकुलता एक फोटो ट्रंकेत तळाला गेला. आई रडली नाही, आणि बोलायचीही बंद झाली. माझ्याशी कामापुरतं बोलायची. दूध पी, वेणी घालून घे, चप्पल आत आण. मी वाट बघत होते, एक ना एक दिवस आई मला जवळ घेऊन तिच्याविषयी काहीतरी बोलेल. आता घरात मी एकटीच होते ना!

ईस्टरच्या आदल्या शनिवारी मैत्रीण भिंतीवरून म्हणाली, "येतीस का? आमच्या आज्जाला चुना लावायचा हाय."

त्यांची ती रीत होती. रविवारी भल्या पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात जमायचे, म्हणून शनिवारी आपापल्या माणसांच्या कबरी धुऊन, चुना लावून ठेवायच्या. पुसट झालेली अक्षरं काळ्या रंगानं पुन्हा गिरवायची. मी गेले. मास्तरांनी त्यांच्या वडिलांची कबर नारळाच्या काथ्यानं घासली, माणसाची पाठ घासावी तशी. मैत्रीण बाजूला बसून आजोबांना आपले परीक्षेचे मार्क सांगत होती, गणितातले दोन वाढवून! आजोबांच्या नावाखाली लिहिलं होतं, 'प्रभूमध्ये निजला'. ती अक्षरं तिनं जिभेचं टोक बाहेर काढून गिरवली.

मी जळाले. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिचा आजोबा कधीचा मेलेला, तरी त्याला पत्ता होता. मार्क सांगायचे तर कुठं जायचं हे तिला ठाऊक होतं. मी कुठं जाणार होते? नदीवर? तिथं म्हशी धुतात.

कुंपणाच्या कडेला लहान मुलांच्या कबरी होत्या. त्यातली एक ओकीबोकीच होती, तिच्यावर ना नाव, ना चुना. मी विचारलं, ही कुणाची? मैत्रीण म्हणाली, "कुणास ठाव. हिच्याकडं कुणीच येत न्हाय." मास्तर पाणी आणायला नळावर गेले होते. डब्यात चुना उरला होता. मी ती कबर पांढरीशुभ्र केली आणि काळ्या रंगाचा ब्रश घेऊन तिच्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तिथं जसं लिहायची पद्धत दिसली तसंच खाली लिहिलं, 'प्रभूमध्ये निजली'. मैत्रीण बघत होती. म्हणाली, "'ली' जरा बारकी आली. ऱ्हाऊ दे, चालतंय की."

ईस्टरच्या पहाटे अख्खी मंडळी तिथं मेणबत्त्या घेऊन जमली आणि त्यांनी ते वाचलं. आमचं आडनाव असं की कोल्हापुरात कुणालाही जात विचारावी लागत नाही. सोमवारी सकाळी अण्णांच्या दुकानात एक गिऱ्हाईक गुळाचा खडा तोंडात टाकत म्हणालं, "काय अण्णा, पोरगीला तिकडं पुरलासा व्हय? आम्हास्नी वाटलं, जाळली."

अण्णा भर दुपारी घरी आले. माझ्या थोबाडीत दोन बसल्या. "आपलं नाव लोकांच्या मसणात लिवून आलीस? समाजात तोंड दावू का नको मी?" मास्तर भिंतीपाशी येऊन हात जोडत होते, चूक माझी, मी लक्ष द्यायला हवं होतं म्हणत होते. अण्णांनी तिकडं बघितलंही नाही. "आजच्या आज पुसून टाका," एवढं आईला म्हणाले आणि दुकानात परत गेले.

आईनं पिशवीत रॉकेलची बाटली आणि जुन्या लुगड्याची चिंधी घातली. "चल. दाखव कुठं हाय."

मी दाखवलं. आईनं नाव वाचलं. मग मला फाटकापाशी जाऊन थांबायला सांगितलं. मला वाटलं, पुसायला बसली. पण ती मांडी घालून बसली आणि बोलायला लागली. शब्द मला ऐकू येत नव्हते. आवाज ओळखीचा होता. धाकटीला न्हाऊ घालताना आई ज्या आवाजात बोलायची, तोच. मध्येच ती हसली. मग कितीतरी वेळ काहीतरी सांगत राहिली, हातवारे करून, कुणी समोर बसून हुंकार देत असल्यासारखी. ऊन कुंपणावरून खाली उतरलं तरी तिचं बोलणं संपेना.

मी समजत होते, दुःखानं आईचं बोलणंच आटलंय. आटलं वगैरे काही नव्हतं. ते सगळं धाकटीसाठी राखून ठेवलं होतं. मी रोज समोर होते, तिच्याच हातचं जेवत होते, आणि माझ्या वाटणीला चप्पल आत आण! फाटकाचा गज धरून मी मेलेल्या पाच वर्षांच्या पोरीवर जळत उभी होते.

शेवटी आईनं मला हाक मारली. बाटली आणि चिंधी माझ्या हातात दिली. "तू पूस. मला जमायचं न्हाय."

मी पुसलं. जोर लावून, एकेक अक्षर. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आता आईला बोलायला माझ्याशिवाय कुणी उरणार नाही, असं मला वाटलं. सगळं पुसून झाल्यावर मी वळून पाहिलं. आई अजून त्या कोऱ्या दगडाकडंच बघत होती. घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.