आटवलेलं पाणी

माझं काम विहिरींच्या पाण्याचं. पूर्वी या विषयातले लोक तळ्यांत माजणाऱ्या शेवाळामागे असत. आता संशोधनाचा रोख जमिनीखाली वळलाय. शेतातलं खत झिरपून विहिरीत किती उतरतं, कधी उतरतं, ते शोधायचं. त्यासाठीच मी मोर्शीला आत्याकडे मुक्काम ठोकला होता. संत्र्याच्या झाडांना थंडीत पाणी बंद करून ताण देतात, अन् ताण तोडताना युरिया आणि पाणी एकदमच सोडतात. मला नेमकं त्यानंतरचं पाणी हवं होतं.

आत्याची लेक तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून बाळाला पावडरचं दूध सुरू होतं. बाळंतिणीसाठी आटवून अर्धं केलेलं पाणी घरात असायचंच. आत्या त्यातच पावडर कालवायची. नातवाला कच्चं पाणी? छे, नावच नको!

घरात प्यायला यायचं त्या बागेतल्या विहिरीचं पाणी तपासलं, तर नळीत गडद गुलाबी रंग आला, म्हणजे खतातलं नायट्रेट भरपूर. एवढं नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, बाळ निळं पडतं. हे सांगितलं तशी आत्या उसळली.

"काहून वं? आमच्या तीन पिढ्या याच पाण्यावर वाढल्या. अन् मी तं चांगलं उकळून देऊन राहिली!"

माझंही डोकं फिरलं. "अगं, त्यानंच तर वाढतं! वरण आटलं की खारट होतं ना? तसंच. पाणी उडून जातं, खत मागं राहतं."

आत्यानं आटवलेल्या पाण्याचं पातेलं उचलून मोरीत ओतलं.

"म्याच पाजलं वं त्याले, माह्या हातानं."

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाचे ओठ, नखं पाहिली, रक्त तपासलं. वेळेत आलात, म्हणाले. बाळ ठणठणीत होतं, अन् रडू मात्र मला कोसळलं. माझ्या नळ्यांचा असा कुणाला उपयोग झालेला मी तोवर पाहिला नव्हता. आत्याचे उपकार मी विसरणार नाही. रागावूनही ऐकणारं माणूस मिळायला भाग्य लागतं.

यंदा ताण तोडायच्या दिवशी बागेत गेले, तर आत्या युरियाच्या पोत्यावर मांडी ठोकून बसलेली. तिचे यजमान समोर उभे.

"ऊठ ना वं. एवढंच पोतं राहिलं."

"नाई उठत. झाडाले लागते तेवढं देल्लं तुमी. हे माह्या नातवाच्या पेल्यात जाते."