विजयेंद्ररावांचं सोपं मार्गदर्शन

शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत विजयेंद्रराव सूचना लिहायचे. कानाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर संगणकावर कसं घालायचं, मग ते यंत्राला कसं जोडायचं, हे ‘अगदी सोप्या भाषेत’ सांगणारी पुस्तिका त्यांच्या हातची. सोपी कुणाला, हे कंपनीत कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘यंत्र आधी जोडून घ्या.’ चौथ्यावर होतं, ‘सॉफ्टवेअर पूर्ण बसल्याशिवाय यंत्र जोडू नका.’ पहिलं इंजिनियरांनी घालायला लावलं, दुसरं कायदेवाल्यांनी. रावांनी दोघांचंही मन राखलं. ज्याच्या कानात यंत्र जायचं, तो बिचारा मीटिंगला नव्हता. लोकांचे चिडून फोन आले की राव कॉफीचा घोट घेत म्हणत, “लोक वाचतच नाहीत हो!”

रावांच्या आई सीतालक्ष्मी तंजावूरच्या, बोलणंही तिकडच्याच मराठीतलं. जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला, आणि आता कान जवळजवळ गेलेच होते. रविवारी नातीची, हरिप्रियाची, मैलापूरच्या एका संगीतसभेत पहिली कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, होती. पोरीला सारेगम आजीनंच मांडीवर घेऊन शिकवलेलं. तिचं गाणं एकदा ऐकायचं, एवढंच म्हातारीचं मागणं होतं. राव ऐटीत म्हणाले, “आमच्याच कंपनीचं यंत्र आणतो. घरचंच काम!”

शनिवारी सकाळी वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये राव संगणकापुढे बसले. स्वतः लिहिलेली पुस्तिका वाचायची गरजच काय? पडदा म्हणाला, यंत्र जोडा. जोडलं. तर म्हणाला, यंत्र काढा आणि पहिल्यापासून सुरू करा. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी झक मारत पुस्तिका उघडली. तिसरं पान वाचलं, चौथं वाचलं, पुन्हा तिसरं वाचलं. “कुठल्या गाढवानं हे...” म्हणता म्हणता रावांनी जीभ चावली. स्वयंपाकघरातून बायको, कमलिनी, खुदकन हसली.

तिसऱ्या खेपेला कसंबसं जमलं. कंपनीनं दिलेला परवान्याचा आकडा घातला, पडद्यावरची हिरवी पट्टी सरकू लागली, आणि आईंनी घड्याळाकडे पाहिलं.

“अय्यो, नऊ वाजून गेले! राहूकाळ लागला. कानाचं काम राहूकाळांत कसाला रे? थांबव आधी!”

राव पदवीधर, संगणकातले. पण राहूकाळात त्यांनी उभ्या जन्मात साधा शर्ट विकत घेतला नव्हता. शिवाय थांबवायचं बटण होतंच, आणि त्याच्याबद्दल ‘कधीही थांबवा, निश्चिंत राहा’ हे त्यांनीच लिहिलं होतं. निश्चिंत मनानं त्यांनी ते दाबलं आणि इडली खायला बसले.

दीड तासानं राहूकाळ टळल्यावर येऊन पाहतात तो पडद्यावर अक्षरं: ‘आपला परवाना रद्द झाला आहे. पाहा, पुस्तिकेचं शेवटचं पान.’ शेवटच्या पानावर, ‘इतर’ या मथळ्याखाली, मुंगीएवढ्या टाइपात होतं: मध्येच तासाभराहून जास्त थांबल्यास परवाना बाद, नवा पुढच्या सोमवारीच. हे वाक्यही रावांचंच. भीतीदायक मजकूर पुढे नको, असं साहेब म्हणाले होते, म्हणून यांनी तो मागे ढकलला. त्याबद्दल त्यांना पुष्पगुच्छ मिळाला होता.

मदतीच्या नंबरावर फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, पुस्तिका नीट वाचलीत का?” रावांनी फोन ठेवला.

आईंनी चष्मा लावून ते शेवटचं पान वाचलं. मग पहिल्यापासून सगळी पुस्तिका वाचली. “हे कोण लिहिलं?” त्यांनी विचारलं. ओरडून सांगावं तर सगळ्या मजल्याला ऐकू गेलं असतं. रावांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आईंनी पुस्तिका मिटून त्यांच्या हातात दिली.

रविवारी त्या पहिल्या रांगेत राव आणि कमलिनीच्या मध्ये बसल्या. हरिप्रियाच्या मांडीवर पडणाऱ्या हाताकडे बघत ताल धरत होत्या. सगळे ‘भले!’ म्हणाले की मान डोलवायच्या, पण जरा उशिरा. शेजारी बसलेल्या रावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यक्रम संपल्यावर आईंनी विचारलं, “कसं गायली रे पोर? एक एक सांग मला.”

रावांनी घाईघाईनं कागद काढला, पेन उघडलं. आईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“तू नको लिहूं रे,” त्या अगदी मायेनं म्हणाल्या. “कमलिनीजवळ दे. मला कळलं पाहिजे.”