सरांना न दाखवलेली पानं

शाळेतल्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी निरोप आला, "पाटील सर गेले. साडेअकराला वळहून नेणार." मी तेव्हा माझ्या पुस्तकाच्या पानावर एक शब्द खोडून दुसरा लिहीत होते. निरोप दोनदा वाचला आणि मनात पहिलं आलं ते हे, की सरांना पानं दाखवायची राहिली. माणूस गेल्याचं दुःख त्यानंतर आलं. हे लिहायला लाज वाटते, पण दीड महिना तेच डोक्यात आहे, तेव्हा एकदाचं लिहून टाकते.

दामोदर पाटील आमच्या भिवंडीच्या शाळेत गणित शिकवायचे, मी मराठी. बावीस वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. सर भिवंडीजवळच्या वळ गावचे. गावातली शेतं बघता बघता गोदामांखाली गेली, त्यांचीही गेली. पण दोन गोदामांच्या मधली एक पट्टी त्यांनी कुणाला दिली नाही. "भात घरचा पाहिजे," एवढंच कारण सांगायचे. जुलैत आवणी आली, म्हणजे भाताची रोपं लावायची वेळ झाली, की हे गृहस्थ रजा टाकून चिखलात उतरत आणि नखांतला चिखल पुढे आठवडाभर वर्गात मिरवत. मुख्याध्यापक एकदा त्यावरून बोलले, तर सर म्हणाले, "साहेब, खडूपेक्षा लवकर निघतो."

मला माझ्या वडिलांवर पुस्तक लिहायचं होतं. बाबा भिवंडीत पोस्टमन होते. लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवर कामाला आलेल्या, वाचता न येणाऱ्या माणसांना ते पत्रं वाचून दाखवायचे, उत्तरंही लिहून द्यायचे. विषय हाताशी, आठवणी ढीगभर, आणि तरी माझं पहिलं प्रकरण संपेना. लिहायचं, खोडायचं, फाडायचं, पुन्हा पहिल्यापासून... नमनालाच घडाभर तेल. सरांनी ते एकच प्रकरण चार वेगवेगळ्या रूपांत वाचलं. चौथ्या वेळी चष्मा काढून म्हणाले, "बाई, पोस्टमन अजून सायकलवरच बसले नाहीत. पत्रं कधी वाटायची?" मला राग आला. मराठी मी शिकवते की हे, असंही मनात येऊन गेलं.

दोघंही निवृत्त झाल्यावर एका जुलैत त्यांचा फोन आला, "आवणीला या. जेवायला तर याच." गेले, आणि हौसेने पदर खोचून चिखलात उतरले. आवणी मागे सरत करतात. रोप समोर खोचायचं आणि एक पाऊल मागे यायचं. लावलेलं डोळ्यांपुढे राहतं, उरलेलं पाठीशी. माझं सगळं लक्ष पाठीकडे. दर दोन ओळींनी मान वळवून किती राहिलं ते बघत होते, आणि बघता बघताच तोल जाऊन मटकन चिखलात बसले. शेजारची म्हातारी हात न थांबवता म्हणाली, "बाई, मागं काय बगता? शेत काय पलून जात न्हाय." आवणीला आलेल्या सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. उठले तर माझी रोपं आडवी पडलेली दिसली. मी ती उपटून पुन्हा सरळ लावायला लागले. तेव्हा सरांचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत तो चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "उपटू नका, बाई. आज सगळीच आडवी दिसतात. मुळं धरली की आपली आपण उभी राहतील. जी मरतील ती आठ-दहा दिवसांनी कळतील, तेवढ्या जागी मग नवी लावायची. त्याला नांग्या भरणं म्हणतात. ते आवणीच्या दिवशी करत नाहीत." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या पुस्तकाचंही तेच झालंय."

त्या रात्री पाठ धरली होती, झोप नव्हती, पण मन हलकं होतं. इतकी वर्षं मी लिहिण्याला घाबरत नव्हते, वाईट लिहिण्याला घाबरत होते, हे मला साठीत कळलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक पान लिहायचं आणि मागचं पान उघडायचं नाही, असं ठरवलं. बाबा सायकलवर बसले. पत्रं वाटू लागले. खाडे पडले, तरी वर्षभरात दीडशेच्या वर पानं झाली. काही पानं रद्दी होती, पण होती.

यंदा उन्हाळ्यात सरांनी पानं मागितली. मी म्हटलं, "आधी नांग्या भरते, मग देते." त्यांचाच धडा त्यांनाच ऐकवल्याचा मला केवढा आनंद झाला होता. ते फोनवर एवढंच म्हणाले, "आहे तसंच द्या ना." पुढे आणखी दोनदा मागितली. मी दोन्ही वेळा हसून टाळलं. खरं कारण साधं होतं... चांगलं लिहिते असं त्यांनी म्हणावं, ही माझी हाव.

गेल्या आठवड्यात ती पानं आहेत तशी पिशवीत घालून वळला गेले. सरांच्या पत्नी, वनिता वहिनी, सरांच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. खिडकीशी त्यांचं टेबल, त्यावर पट्टी आणि लाल रिफिलच्या पेनांची डबी. मला त्या टेबलाशी बसवेना. वहिनीच म्हणाल्या, "बसा. वाचा. त्यांच्यासाठी आनलीत ना?" मी मधलंच एक पान काढलं. लूमवरच्या एका माणसाला गावाहून पत्र येतं, आई गेल्याचं. तो ड्युटीवर निघालेला असतो. बाबा पत्र उघडतात, वाचतात आणि मोठ्याने सांगतात, "सब ठीक है." तो खुशीत कामाला जातो. पान तिथे संपत होतं. त्यापुढचं मला जमलं नव्हतं म्हणून तो प्रसंग मी तसाच सोडला होता.

वहिनींचा हात सुपात थांबला. "मंग त्याला खरं कवा सांगितलं?"

"ते नाही लिहिलं अजून."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरनी सांगितलेलं यांनी मना न्हाय सांगितलं. यांना मार्चपासून म्हाईत होतं. 'सगलं बरं हाय' म्हनायचे, नि मी जेवन वाढायची."

मार्च. पानं पहिल्यांदा मागितली ती एप्रिलात.

मला रडू आवरेना. वहिनींनी रडू दिलं, पाणी आणून दिलं. मग स्वतःच डबी उघडली, एक लाल रिफिलचं पेन माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"पोस्टमननी कसं सांगितलं त्याला, ता लिवा," म्हणाल्या. "मना ऐकाचं हाय."

त्या टेबलावर मी लिहायला सुरुवात केली. पहिलं वाक्य वाईटच आलं. मी ते तसंच त्यांना वाचून दाखवलं.