येणाऱ्याची किल्ली वेगळी, जाणाऱ्याची वेगळी

आमचे हे कुलूप-किल्ल्यांचे कारागीर. सगळा बाजार यांना किल्लीमास्तर म्हणतो. हरवलेली किल्ली नुसत्या कानशीने घासून उभी करतील, पण कुणाच्या कुलपाची गोष्ट कुणाला सांगणार नाहीत. एकतीस वर्षं संसार केला, घरातल्या कपाटाच्या चोरकप्प्याची किल्ली कुठे असते हे मला अजून माहीत नाही. विचारलं की म्हणतात, माहीतच नसलं की माणूस बोलून जात नाही. आणि त्या चोरकप्प्यात आहे काय, तर माझ्याच बांगड्या!

अलीकडे धंदा बसत चालला होता. जिथे तिथे कार्ड टेकवून उघडणारे दरवाजे. यांच्या वाट्याला उरल्या सुटकेसच्या किल्ल्या. दिवसभर कोऱ्या किल्ल्या पुसत बसायचे, मला ते बघवत नव्हतं. तेवढ्यात नर्सिंगच्या मुलींच्या नव्या वसतिगृहातून विचारणा आली, सगळ्या खोल्यांना साधी किल्लीची कुलपं बसवाल का? हे उड्या मारायचेच काय ते बाकी राहिले. वसतिगृहाची अट एकच होती, पत्रव्यवहार दुकानाच्या नावाच्या ईमेलवरून हवा.

मग एका कंपनीकडून तसा पत्ता घेतला आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर मेलचं ॲप लावायला मी बसले. ॲपने नाव विचारलं, दिलं. पत्ता विचारला, दिला. येणाऱ्या मेलचा सर्व्हर, जाणाऱ्या मेलचा सर्व्हर, कंपनीच्या कागदात बघून अक्षर न् अक्षर भरलं. पासवर्ड मात्र यांनी कंपनीच्या पानावर स्वतः ठरवलेला. तो मला सांगतात होय! मला खुर्चीवरून उठवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. किल्ली करून घ्यायला आलेल्या दूधवाल्यालाही सोडलं नाही. आम्ही दोघं निमूटपणे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो. यांनी एकदा येणाऱ्या मेलसाठी पासवर्ड टाकला, एकदा जाणाऱ्यासाठी.

मेल यायला लागले. पहिलाच वसतिगृहाचा, की आज पाचपर्यंत होकार कळवा, नाहीतर काम कार्डवाल्याला देतो. मी लगेच होकार लिहून पाठवला. तो काही जाईना. पासवर्ड चुकीचा म्हणे. परत पाठवला, परत तेच. हे म्हणाले, कंपनीचं कुलूपच हलकं दिसतंय. चार वाजून गेले आणि माझा पारा चढला. मी सरळ कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने विचारलं, दोन्हीकडे पासवर्ड एकच घातलाय ना? मी यांच्याकडे पाहिलं. हे कानशीकडे पाहायला लागले.

"दरवाजे दोन आहेत," हे म्हणाले. "दोन दरवाज्यांना एकच किल्ली मी लावीन? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

मी कपाळावर हात मारला. ती मुलगी हसू दाबत म्हणाली, येणाऱ्याचाच पासवर्ड जाणाऱ्यालाही घाला, पण आता तीनदा चुकलात तर खातं उद्यापर्यंत बंद.

हे पुन्हा बसले, आम्ही पुन्हा भिंतीकडे. यांचं बोट म्हणजे मुसळ. एका दमात दोन बटणं दाबतं आणि पडद्यावर दिसतात नुसते ठिपके. एकदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. पाचला दहा कमी होते. वळून पाहते तर यांना दरदरून घाम फुटलेला. कीव आली हो मला, आणि रागही आला.

"अहो, हातातलं काम जाईल," मी म्हटलं. "मी काय परकी आहे?"

यांनी दूधवाल्याला बाहेर काढलं, शटर अर्धं खाली ओढलं, माझ्या कानाशी आले आणि पुटपुटले. दुकानाचा फोन नंबर! बाहेर बोर्डावर फूटभर लाल आकड्यांत रंगवलेला, तोच.

"उघड्यावर ठेवलेल्या वस्तूकडे चोर बघत नाही," हे गंभीरपणे म्हणाले.

भांडायला वेळ नव्हता. मी दहा आकडे टाकले आणि मेल गेला. पाचला दोन मिनिटं असताना उलट उत्तर आलं, काम तुमचं. यांनी चष्मा काढून डोळे पुसले, मलाही भरून आलं. दूधवाल्याला किल्ली फुकट मिळाली.

तरी मी सांगितलंच, तो पासवर्ड आता बदला, गावभर झालाय. यांनी मान डोलावली. म्हणाले, खरंय, आता तुलाही कळला, उद्याच बंदोबस्त करतो.

दुसऱ्या दिवशी दुकानावर पोचले तर हे शिडीवर, हातात रंगाचा डबा. बोर्डावरचा नंबर पार पुसून टाकलेला. पासवर्ड बदलायचा तर परत दोन्ही दरवाजे भरत बसा, त्यापेक्षा हे सोपं, म्हणे.

आता वसतिगृहाचे मेल येतात, आमचे जातात, कामही जोरात चाललंय. फक्त नवीन गिऱ्हाईक दुकानाचा फोन नंबर मागायला लागलं की हे त्याला नम्रपणे सांगतात, तेवढं सोडून काहीही विचारा.